बरोबरी हातात होती, पण ती कार्पोव्हच्या कामाचीच नव्हती!

९ नोव्हेंबर १९८५. मॉस्कोच्या चायकोव्हस्की हॉलमध्ये बुद्धिबळाच्या जागतिक विजेतेपद लढतीचा २४ वा, म्हणजे शेवटचा डाव. २२ वर्षांचा गॅरी कास्पारोव्ह १२-११ ने पुढे. जगज्जेता अनातोली कार्पोव्ह हा डाव जिंकला असता तर १२-१२ झाले असते आणि नियमानुसार विजेतेपद त्याच्याकडेच राहिलं असतं. कास्पारोव्हला मात्र बरोबरीही पुरेशी होती.

याआधीची दोघांची लढत ४८ डाव होऊनही निकालाविना थांबवली गेली होती, त्यामुळे वातावरण किती तापलं असेल याचा अंदाज येईल.

सिसिलियन म्हणजे काय?

पांढऱ्याने राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं की काळा वजिराच्या बाजूच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं सरकवतो. हा झाला सिसिलियन बचाव. नाव बचाव, पण यात पट तिरका होतो आणि दोघांनाही जिंकण्याची संधी मिळते. म्हणूनच बरोबरी पुरेशी असताना कास्पारोव्हने काळ्या मोहऱ्यांनी हाच निवडला, हे जरा धाडसाचंच. त्यातला शेवेनिंगन प्रकार खेळला गेला.

डाव फिरला कुठे?

कार्पोव्हने राजाच्या बाजूने प्यादी पुढे रेटली. कास्पारोव्हने २३ व्या आणि २४ व्या चालीत दोन्ही हत्ती आपल्याच प्याद्यामागे एकाखाली एक उभे केले. बघताना हे विचित्र वाटतं, कारण ती उभी पट्टी बंदच होती! पण पांढऱ्याने पुढचा हल्ला करताच ती उघडली असती आणि हत्ती आधीच तयार असते.

खरी गंमत ३० व्या चालीनंतर. काळ्याच्या घोड्याने पांढऱ्या हत्तीला पुन्हा पळायला लावलं. हत्ती आधीच्या घरी गेला असता तर त्याच चाली परत परत होऊन डाव बरोबरीत सुटला असता. पण बरोबरी म्हणजे मुकुट गेला. कार्पोव्हने हत्ती पटाच्या कडेला नेला आणि तिथेच तो अडकून पडला. लगेच कास्पारोव्हने प्याद्याचा बळी देऊन डाव उघडला.

घड्याळ संपत आलेलं असताना ४० व्या चालीला कार्पोव्ह चुकला. दोन चालींनंतर काळा घोडा बाजूला सरकला, मागच्या हत्तीचा शह बसला आणि कार्पोव्हने डाव सोडला. अंतिम गुण १३-११.

सर्वात तरुण निर्विवाद जगज्जेत्याचा कास्पारोव्हचा तो विक्रम २०२४ पर्यंत टिकला. तो मोडला आपल्या डी. गुकेशने, वयाच्या १८ व्या वर्षी.