कोरड्या डोळ्यांची कहाणी

डोळ्यांतून सारखे पाणी गळते म्हणून आलेल्या मनुष्यास 'तुमचे डोळे कोरडे आहेत' असे सांगितले, तर त्याला ती थट्टाच वाटेल. परंतु हा विरोधाभास खरा आहे. बुबुळावरील अश्रूंचे नित्याचे पटल विरळ झाले की डोळा खुपू लागतो, आणि त्या खुपण्याने आलेला पाण्याचा लोट गालावर ओघळून जातो.

हे दुखणे आपणांस अपरिचित नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात 'शुष्काक्षिपाक' या नावाने त्याच्याशी मिळतीजुळती लक्षणे वर्णिली आहेत: पापण्या रूक्ष व कठीण, दृष्टी धूसर, डोळे उघडण्यास कष्ट. वर्णन होते, मोजमाप नव्हते. ते आले 1903 साली. शिर्मर या जर्मन नेत्रवैद्याने टीपकागदाची चिंचोळी पट्टी खालच्या पापणीत अडकवली आणि ती किती भिजते ते पाहिले. पाच मिनिटांत पाच मिलिमीटरही ओल चढली नाही, तर अश्रू खासच कमी. इतकी स्वस्त परीक्षा वैद्यकात क्वचितच सापडेल! पुढे 1933 साली स्वीडनच्या श्योग्रेन यांनी कोरडे डोळे, कोरडे तोंड आणि सांधेदुखी यांचे नाते दाखविले. म्हणूनच जाणता वैद्य डोळ्यांबरोबर सांध्यांचीही चौकशी करतो. फ्लुरोसीनचा पिवळा रंग घालून अश्रुपटल किती सेकंदांत फाटते हे मोजण्याची रीतही पुढे रूढ झाली. दहा सेकंदांच्या आत फाटल्यास शंका घ्यावी.

हे ज्ञान खेड्यात कसे पोहोचावे? नांदेडला लागून असलेले मुधोळ 2016 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते. आता ते निर्मळ जिल्ह्यात आहे. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने (स्थापना 1987) आपल्या आरंभीच्या ग्रामीण केंद्रांपैकी एक तेथे काढले. 1996 ते 2000 या काळातील आंध्र प्रदेश नेत्ररोग पाहणीतही आदिलाबाद जिल्हा होता. त्या पाहणीत एकूण 10,293 लोकांचे डोळे तपासले गेले. पुढे गावच्याच तरुणांना वर्षभर शिकवून दृष्टिकेंद्रांवर बसविण्यात आले. मोठमोठ्या इमारतींपेक्षा मला हीच गोष्ट अधिक मोलाची वाटते.

उपचार साधे आहेत. कृत्रिम अश्रूंचे थेंब, पापण्यांना ऊबदार शेक व त्यांची स्वच्छता, चुलीच्या धुरापासून आणि उन्हाच्या झळांपासून बचाव. तेवढ्याने न भागल्यास अश्रूंचा निचरा करणारी छिद्रे बारीक खुंटीने बंद करतात, अथवा सायक्लोस्पोरिनचे थेंब देतात. मात्र लाल डोळा दिसताच दुकानातून स्टिरॉइडचे थेंब आणणे घातक; त्याने काचबिंदू व मोतीबिंदू होऊ शकतो.

लहान मुलाची गोष्ट निराळी. त्याचा डोळा कोरडा, निस्तेज दिसला आणि संध्याकाळी ते चाचपडू लागले, तर तेथे नुसते थेंब घालून चालणार नाही. तो 'अ' जीवनसत्त्वाचा अभाव असू शकतो, आणि त्यात बुबुळ थोड्याच दिवसांत विरघळून जाऊ शकते. याचसाठी 1970 पासून देशात बालकांना दर सहा महिन्यांनी त्या जीवनसत्त्वाचा डोस देण्याची योजना सुरू झाली. अशा मुलास त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.