वांकडा जुळलेला घोटा

हाड मोडणें ही एका क्षणाची गोष्ट असते. परंतु तें वांकडें जुळलें, म्हणजे त्याचा जाच माणसास जन्मभर पुरतो. हिंगोली जिल्ह्यांतील सेनगांवासारख्या तालुक्याच्या गांवीं या जाचाचा अर्थ विशेष स्पष्ट होतो. तेथील मुख्य व्यवसाय शेतीचा. खुरपणी उकिडवें बसून करावयाची आणि ढेकळांतून, बांधावरून दिवसभर वावरावयाचें. संत नामदेवांची नरसी याच जिल्ह्यांत असल्यामुळें पायीं पंढरीस जाण्याची ओढही येथें जुनी आहे. अशा ठिकाणीं ज्याचा घोटा नीट वळत नाहीं, तो मनुष्य घरांत आजारी दिसत नाहीं. पण शेतांत आणि वाटेवर तो मागें पडतो. हें व्यंग दैवाचें मानावयाचें कीं उपायाचें, हा प्रश्न वैद्यकाइतकाच जुना आहे.

सुश्रुतसंहितेंत त्याचें एक निःसंदिग्ध उत्तर मिळतें. सांधा निखळणें आणि हाड मोडणें असे दोन भेद करून सुश्रुतानें पहिल्याचे सहा व दुसऱ्याचे बारा प्रकार सांगितले. वड, पिंपळ, उंबर, पळस यांच्या साली व वेळू यांच्या पट्ट्या आधारास घ्याव्या; थंडीच्या दिवसांत बंध सात दिवसांनीं, समशीतोष्ण ऋतूंत पांच दिवसांनीं व उन्हाळ्यांत तीन दिवसांनीं बदलावा; बंध सैल राहिला तर हाड स्थिर होत नाहीं आणि फार आवळला तर सूज व वेदना उत्पन्न होतात, इतका बारकावा त्यांत आहे. विशेष म्हणजे, लांब हाड वेडेंवांकडें जुळलें असेल तर तें पुन्हां मोडून सरळ करावें आणि मग ताज्या मोडीप्रमाणें उपचार करावा, असा आदेश तेथें आहे. म्हणजे वांकडें जुळणें हा शेवट नव्हे, हा विचार या देशास नवा नाहीं.

हीच विद्या अंशरूपानें हाडवैद्यांच्या हातीं राहिली. लेप, बांबूच्या कामट्या आणि चोळणें यांच्या साहाय्यानें त्यांनीं पुष्कळांचे हातपाय बसविले, हें नाकारण्याचें कारण नाहीं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत असलेल्या या मुलखास औरंगाबाद येथील वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्यें आणि नांदेडचें १९८८ मध्यें लाभलें. तोंवर सामान्य मनुष्य जवळच्या जाणत्या हाताकडे गेला, यांत नवल तें काय?

मात्र घोटा हा त्या हातालाही चकविणारा सांधा आहे. नडगीचें हाड आणि त्याच्या बाहेरचें बारीक हाड यांचीं खालचीं टोकें मिळून एक खाच बनते, आणि पावलाचें वरचें हाड तींत सुताराच्या जोडाप्रमाणें घट्ट बसतें. बाहेरचें बारीक हाड मोडून थोडें आंखूड झालें किंवा बाहेर वळलें, कीं ती खाच रुंदावते. वरून सूज उतरते, मनुष्य चालूं लागतो, आणि सर्व ठीक झालें असें वाटतें. परंतु १९७६ मध्यें रॅम्झी व हॅमिल्टन यांनीं मृत शरीरांच्या घोट्यांवर प्रयोग करून दाखविलें कीं, पावलाचें हाड एक मिलिमीटर बाहेर सरकलें, तरी सांध्यांतील स्पर्शाचें क्षेत्र सरासरीनें ४२ टक्के घटतें. मग सारा भार थोड्या जागेवर पडून तेथील गुळगुळीत कूर्चा झिजूं लागते. संध्याकाळची सूज, उतारावरील कळ आणि उकिडवें बसतां न येणें हीं त्या झिजेचीं चिन्हें असूं शकतात.

इंग्लंडांत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत पर्सिव्हल पॉट यानें घोट्याच्या मोडीचें प्रसिद्ध वर्णन केलें. परंतु त्यास आंतील हाड दिसत नव्हतें, आणि चिरून पाहणें म्हणजे मृत्यूस आमंत्रण होतें. पुढें १८४६ मध्यें ईथरची भूल जाहीरपणें दिली गेली, १८६७ मध्यें लिस्टरनें जंतुनाशक शस्त्रक्रियेचा पाया घातला, आणि १८९५ मध्यें राँटगेनच्या क्ष-किरणांनीं हाड दृष्टीस पडलें. वेदना, पू आणि अंधार हे तीन अडथळे असे दूर झाले, तेव्हां कोठें घोट्यासारखा सांधा उघडून दुरुस्त करणें शक्य झालें. १९५८ मध्यें स्विस शल्यविशारदांनीं एकत्र येऊन पट्ट्या व स्क्रू यांनीं हाड जोडण्याची शिस्त घालून दिली. त्याच परंपरेंतील वेबर यानें आंखूड जुळलेलें बाहेरचें हाड कापून, लांबवून, रुंदावलेली खाच पुन्हां घट्ट करण्याची शस्त्रक्रिया १९८१ मध्यें प्रसिद्ध केली.

आज अशा रोग्यापुढें मुख्यतः तीन मार्ग असतात. दोष अल्प असेल, तर योग्य जोडे, काठी, वजनावर ताबा आणि स्नायूंचा व्यायाम यांवर निभावतें. हाड वांकडें पण कूर्चा शाबूत असेल, तर तें कापून पुन्हां सरळ बसवितां येतें. कूर्चा पार झिजली असेल, तर सांधा कायमचा जोडून टाकणें किंवा कृत्रिम सांधा बसविणें हे उपाय उरतात. सांधा जोडल्यानें कळ बहुधा थांबते. परंतु घोट्याची वरखालीं हालचाल जाते आणि उकिडवें बसणें दुरापास्त होतें. कृत्रिम सांधा कष्टाच्या कामांत लवकर झिजण्याचा संभव असतो. म्हणून शेतकऱ्याच्या दृष्टीनें मधला मार्ग अमोल आहे, आणि नेमका तोच काळाबरोबर निसटतो. तंबाखूचें धूम्रपान व ताब्यांत नसलेला मधुमेह यांमुळें हाड जुळण्यास विलंब होतो, हेंही शस्त्रक्रियेपूर्वीं ध्यानांत घ्यावें लागतें.

यास्तव मोडीनंतर कांहीं महिने लोटूनही घोटा दुखत राहिला, तर "आतां जुळलें तें जुळलें" म्हणून स्वस्थ बसणें हिताचें नाहीं. दोन्ही घोट्यांचीं क्ष-किरण चित्रें उभ्यानें घेऊन ताडून पाहिलीं, म्हणजे कमीअधिक लांबी व सरकलेलें हाड बहुधा ध्यानांत येतें. शंका राहिल्यास सीटी स्कॅननें तिचा उलगडा होतो. जें पुन्हां मोडून सरळ करण्याचा सल्ला सुश्रुतानें दिला, तें करण्याचें साधन आज उपलब्ध आहे. कूर्चा शिल्लक असेपर्यंत मात्र तेथवर पोहोंचलें पाहिजे.