पावसची खोली

आम्हां गुहागरकरांना तप म्हटले की गुहा आठवते. पण आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यात, पावसला, तप घडले ते देसायांच्या घरातील एका साध्या खोलीत. रामचंद्र विष्णु गोडबोले १९३२ साली सत्याग्रहात येरवड्याच्या तुरुंगात गेले. १९३४ च्या दुखण्याने त्यांना मरणाच्या दारी नेले. तेथून परतले ते स्वामी स्वरूपानंद. १९७४ साली देह ठेवीपर्यंत, सुमारे चाळीस वर्षे, ते त्या घरीच राहिले. ज्ञानेश्वरी त्यांनी अभंगांत आणली ती तेथेच. साधना नाथपरंपरेची, सोऽहम् : श्वास आत येताना ‘सो’, बाहेर जाताना ‘हम्’, आणि त्याकडे शांतपणे लक्ष. पणत्या लावून झाल्या की वाचकांनी ओसरीवर घटकाभर असेच बसून पाहावे.