पायांखालची जमीन आणि आपलें ज्ञान



ज्ञान म्हणजे काय आणि तें कोठवर पोंचतें, हा प्रश्न पंडितांच्या सभेंतला आहे, आम्हां शेतकरी-कारकुनांना त्याचें काय, असें पुष्कळांस वाटतें. मलाहि पूर्वीं तसेंच वाटे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक शाळामास्तर. माझी सारी नोकरी लातूर व नांदेडकडील खेड्यांत गेली. परंतु या प्रश्नाचें उत्तर चुकलें तर माणसें प्राणांस मुकतात, हें आमच्या भागानें एका पहाटे पाहिलें. त्या पहाटेचा आणि तिच्या मागल्यापुढल्या काळाचा इतिहास आज आपणांपुढें थोडक्यांत मांडणार आहें.

दख्खनचें पठार सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थरांवर थर सांचून झालें. त्याखालचा खडक तर त्याहूनहि कितीतरी पुरातन. हिमालयाच्या पायथ्याशीं भूकंप होतात, कारण तेथील भूमि अजून घडत आहे; दक्षिणेकडील द्वीपकल्प मात्र केव्हांच घडून निवांत झालें आहे, म्हणून तें स्थिर, असें अनुमान विद्वानांत रूढ झालें. तेंच शाळेच्या भूगोलांत उतरलें. भूकंपाच्या धोक्याप्रमाणें देशाचे जे पांच विभाग पाडले होते, त्यांत आमचा हा मुलूख पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी भयाच्या विभागांत होता.

या अनुमानाला पहिला मोठा हादरा बसला तो ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, कोयनानगर येथें. पण तेथें शिवाजीसागर जलाशय होता. १९६२ पासून त्यांत पाणी सांठत होतें. भूकंपाचा संबंध त्या पाण्याशीं जोडला गेला, आणि तो जोडणें योग्यच होतें. परंतु त्याचा एक परिणाम असाहि झाला, कीं कोयना हा अपवाद ठरला आणि नियम जेथल्या तेथें राहिला. आमचे नैय्यायिक ज्याला व्यभिचार म्हणतात, म्हणजे नियम मोडणारें उदाहरण, तें समोर असतांहि त्याची समजूत काढून आपण स्वस्थ झालों.

१९९२ सालच्या उत्तरार्धांत किल्लारीच्या आसपास जमिनीला वारंवार लहान धक्के बसूं लागले. भुईंतून गुरगुर ऐकूं येई; भांडीं वाजत. मी त्या वेळीं तेथून कांहीं कोसांवरच्या एका शाळेंत होतों. एका मुलानें वर्गांत विचारलें, "गुरुजी, पुन्हा मोठा हादरा बसंल का?" मीं फळ्यावर पठाराची आकृति काढली आणि सांगितलें, "आपल्या पायांखालीं काळा पाषाण आहे, बाळ. येथें मोठा भूकंप होत नाहीं." मुलगा खालीं बसला. गुरुजींनीं सांगितलें, मग झालें!

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशीं गणपति बोळवून लोक दमून झोंपलेले. पहाटे तीन वाजून छपन्न मिनिटांनीं भूमि हादरली. भूकंपाची तीव्रता सुमारें ६.२ होती, हिमालयांतल्या मोठ्या भूकंपांच्या मानानें ती फार नव्हे. पण किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, होळी अशा गांवांत दगडांचे ढीग उरले. लातूर आणि तेव्हांचा उस्मानाबाद, आतांचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसें गेलीं. बावन्न गांवें नव्या जागीं वसवावीं लागलीं.

माणसें मारलीं तीं घरांनीं. दगड-मातीच्या दोन-तीन फूट रुंद भिंती, त्यांवर मातीचें जड माळवद. उन्हाळ्यांत थंडावा देणारें आणि चोराला दाद न देणारें हें घर बांधणारा गवंडी अडाणी नव्हता. पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव त्याच्या हातांत होता. परंतु ऊन, पाऊस आणि चोर हेच प्रश्न त्या अनुभवाला विचारले गेले होते. भूमि हलली तर काय, हा प्रश्न त्याला कोणीं विचारलाच नव्हता. म्हणून ज्याचा वाडा मोठा, त्याच्यावर भार मोठा. कुडाच्या छपराखालीं निजलेला गरीब पुष्कळ ठिकाणीं वांचला. ज्ञान ज्या प्रश्नासाठीं मिळविलें, त्यापलीकडे तें आपोआप जात नाहीं, हा माझा पहिला धडा.

दुसरा धडा आमच्या प्राचीन तर्कशास्त्रांतच होता. कुमारिल भट्टानें अनुपलब्धि हें एक स्वतंत्र प्रमाण मानलें: टेबलावर घागर दिसत नाहीं, म्हणून ती तेथें नाहीं. पण त्याला एक अट आहे. ती वस्तु तेथें असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिति हवी. अंधारांत घागर दिसली नाहीं, एवढ्यावरून ती नाहीं असें म्हणतां येत नाहीं. आतां पाहा, भूकंपमापक यंत्रें या देशांत आलीं तीं १८९७ च्या आसाम भूकंपानंतर. शंभर वर्षांची नोंद, आणि भूमीचें वय कोट्यवधि वर्षांचें! एवढ्याशा खिडकींतून पाहून 'येथें भूकंप नाहीं' असें आपण म्हणत होतों. पुढें तेरणेच्या कांठीं, तेर येथील दरडींत अभ्यासकांना प्राचीन भूकंपाच्या खुणा आढळल्या. १९९७ सालीं त्या प्रसिद्ध झाल्या. पुरावा नदीच्या कांठीं पडलेला होता. दिवा घेऊन कोणी गेलें नव्हतें, इतकेंच.

तिसरा धडा माझ्या स्वतःच्या जिव्हाळ्याचा. न्यायशास्त्रांत शब्द हेंहि प्रमाण आहे. परंतु तो आप्ताचा शब्द असला पाहिजे. ज्याला वस्तु यथार्थ ठाऊक आहे आणि जो ती तशीच सांगतो, तो आप्त. त्या मुलापुढें मी आप्ताच्या आसनावर बसलों होतों, आणि मला ठाऊक होतें तें केवळ पुस्तकांतलें एक वाक्य. मीं खोटें सांगितलें नाहीं; पण माहीत नाहीं हें सांगितलें नाहीं. तो मुलगा वांचला. त्याची आजी त्याच घरांत गेली. पुढें तो शाळेंत आला तेव्हां त्यानें मला कांहींच विचारलें नाहीं, आणि तें न विचारणें मला आजवर बोंचतें.

२००२ सालीं नव्या वर्गवारींत पहिला विभाग काढून टाकण्यांत आला आणि किल्लारीचा भाग तिसऱ्या विभागांत गेला. 'मुळींच भय नाहीं' अशी पंगत आतां नकाशावर उरली नाहीं. हा ज्ञानाचा पराभव नव्हे, ही त्याची वाढ आहे. पुढें नांदेड शहरांत कांहीं काळ लहान धक्क्यांची मालिका चालली. २१ मार्च व १० जुलै २०२४ रोजीं हिंगोलीकडे ४.५ तीव्रतेचे धक्के झाले व नांदेडलाहि जाणवले. अशा वेळीं एकीकडे 'कांहीं होत नाहीं' म्हणणारे आणि दुसरीकडे 'अमुक रात्रीं प्रलय' अशी आवई उठविणारे, असे दोन्ही दिसतात. दोघांचा दोष एकच: आपल्या ज्ञानाची हद्द कोणासच ठाऊक नाहीं. भूकंप केव्हां होईल हें आज कोणीहि सांगूं शकत नाहीं. घर कसें बांधावें, तें मात्र सांगतां येतें: भिंतींना जोडणारे पट्टे, कोपऱ्यांत लोखंड, माथ्यावर हलकें छप्पर.

निवृत्त होईपर्यंत मीं भूगोल शिकविला. ती पठाराची आकृति मी फळ्यावर काढीतच राहिलों. पण तिच्या खालीं एक ओळ लिहीत असें: 'येथवर आपणांस ठाऊक आहे.' मुलें ती वहींत उतरून घेत.