तिबेटी पोथ्यांचे जतन आणि भाषांतर

अश्वघोषाच्या ‘बुद्धचरित’ महाकाव्याचे २८ सर्ग होते. संस्कृतात त्यातले साधारण निम्मेच उरले आहेत. तथागतांच्या धम्मचक्रप्रवर्तनापासून महापरिनिर्वाणापर्यंतचा भाग आज वाचता येतो तो तिबेटी आणि चिनी भाषांतरांमुळे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ लिहिताना बाबासाहेबांनी याच काव्याचा आधार घेतला होता. त्यामुळे तिबेटी पोथ्या टिकतात की नाही, हा आपलाही प्रश्न आहे.

आठव्या शतकापासून भारतीय पंडित आणि तिबेटी भाषांतरकार जोडीने बसून काम करत. पुढे कोणत्या संस्कृत शब्दाला कोणता तिबेटी शब्द वापरायचा, हे ठरवणारा ‘महाव्युत्पत्ती’ हा कोशही तयार झाला. ही शिस्त इतकी काटेकोर होती की मूळ ग्रंथ हरवला तरी तिबेटीवरून संस्कृत शब्दांचा बराचसा माग काढता येतो. बुद्धवचनांचा संग्रह तो कांग्यूर, शंभराहून अधिक खंडांचा. नागार्जुन, वसुबंधू, धर्मकीर्ती आदी आचार्यांच्या ग्रंथांचा संग्रह तो तेंग्यूर, दोनशेहून अधिक खंडांचा. १७२९ मध्ये सुरू झालेल्या देर्गे येथील छापखान्यात हे खंड लाकडी ठशांवरून छापले जात.

१९५९ नंतर आणि विशेषतः सांस्कृतिक क्रांतीच्या काळात तिबेटमधले असंख्य विहार उद्ध्वस्त झाले, ग्रंथ जाळले गेले. निर्वासितांनी जमेल तेवढ्या पोथ्या पाठीवर भारतात आणल्या. त्या गोळा करण्यात जीन स्मिथ (१९३६–२०१०) या अमेरिकन अभ्यासकाचा वाटा मोठा. १९६८ पासून ते लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयात होते. पीएल-४८० करारानुसार अमेरिकी धान्याची किंमत भारत रुपयांत चुकवत असे. त्यातला काही पैसा ग्रंथखरेदीकडे वळला आणि तिबेटी पोथ्यांचे पुनर्मुद्रण परवडू लागले. रेशनवरचा तो गहू आपल्याकडच्या जुन्या माणसांना आठवत असेल. त्याचे हे दुसरे टोक फारसे कुणाला ठाऊक नाही. पुढे १९९९ मध्ये स्मिथ यांनी केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथे डिजिटल ग्रंथसंग्रह उभा केला. आज तो ‘बुद्धिस्ट डिजिटल रिसोर्स सेंटर’ या नावाने चालतो.

स्कॅन केलेले पान हे शेवटी चित्रच. त्यात शब्द शोधता येत नाही. ‘एशियन क्लासिक्स इनपुट प्रोजेक्ट’ने (१९८७) कर्नाटकातल्या बायलकुप्पे येथे निर्वासितांकडून ग्रंथ टाइप करून घेतले. एकच मजकूर दोघांनी वेगवेगळा टाइप करायचा आणि संगणकावर दोन्ही प्रती ताडून चुका पकडायच्या, अशी ती पद्धत. निर्वासित वसाहतीत त्यातून रोजगारही मिळाला, आणि मला तो भाग ग्रंथांइतकाच महत्त्वाचा वाटतो.

भाषांतराचे काम मात्र संथच चालणार. २००९ मध्ये हिमाचलातल्या बीर येथे भाषांतरकारांची परिषद झाली आणि तिच्यातून ‘८४०००’ हा प्रकल्प उभा राहिला. कांग्यूर २५ वर्षांत आणि तेंग्यूर १०० वर्षांत इंग्रजीत आणायचा, असे त्याचे उद्दिष्ट. ही भाषांतरे कुणालाही विनामूल्य वाचता येतात. त्यांवरून मराठी करायचे तर प्रकल्पाची परवानगी लागेल, आणि ते भाषांतराचे भाषांतर ठरेल. थेट तिबेटीतून मराठीत आणणारे हवे असतील, तर तिबेटी शिकण्याची सोय सारनाथच्या तिबेटी उच्च शिक्षण संस्थेत १९६७ पासून आहे.