रिकामी कणगी

गेल्या चतुर्थीला पेडण्याच्या मूळ घरी गेलो होतो. आरती झाल्यावर पुतण्या म्हणाला, "काका, मागच्या खोलीतली कणगी एक हॉटेलवाला मागतोय, शोभेला ठेवायला. देऊ काय?" मला लगेच उत्तर देता आलं नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

नव्या पिढीला कणगी म्हणजे काय ते सांगावं लागेल. बांबूच्या कामट्यांची विणलेली, माणसाहून उंच गोल कोठी. शेणमातीने लिंपलेली, खाली दगड आणि फळ्या. देशावर धान्यासाठी जमिनीत पेवं खणत. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं तर प्रसिद्ध. २००५ च्या पुरात त्यातली बरीच निकामी झाली. आपल्याकडे एवढा पाऊस, जमिनीत ठेवलेलं भात कुजूनच जाणार. म्हणून ते जमिनीपासून वर ठेवायचं. कीड लागू नये म्हणून निगडीचा पाला घालत. बियाणं वेगळं, पेंढ्याच्या मुडीत घट्ट बांधून. माप कुडवाचं, वीस कुडव म्हणजे एक खंडी.

आजी १९५५ च्या नाकेबंदीच्या गोष्टी सांगायची. भारताने सीमा आवळली होती आणि गोव्यात पिकणारं भात गोव्याला पुरत नव्हतं. "कणगी होती म्हणून तुम्हा पोरांना पेज मिळाली," म्हणायची. पण कणगीतलं बरंचसं भात कुळांनी आणून घातलेलं. ते पिकवणाऱ्यांच्या घरी त्या वर्षी किती उरलं, हे आजीने कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आला. मग पाचवी दुरुस्ती झाली आणि २० एप्रिल १९७६ पासून कसणारा मालक ठरला. आमची कणगी रिकामी झाली. वडील बरेच दिवस गप्प होते. मी नुकताच बँकेत लागलेला बी.कॉम., मलाही तेव्हा वाईट वाटलं. आज वाटतं, झालं ते रास्तच झालं.

हिशेबाने आता कुळांच्या कणग्या भरायला हव्या होत्या. काही वर्षं भरल्याही. पण नोकरीच्या शेवटच्या वर्षांत माझी बदली डिचोलीला झाली, तेव्हा चित्र वेगळं होतं. चीनची मागणी वाढलेली, खनिजाला तेजी, आणि ज्याला त्याला ट्रक हवा. कर्जाच्या पाहणीला एका घरी गेलो. कोपऱ्यात कणगी होती आणि तिच्यात जुने टायर कोंबलेले. मी हप्त्यांचा हिशेब केला, उत्पन्नाचा दाखला बघितला आणि सही केली. घरात वर्षाचं धान्य आहे का, हा रकाना आमच्या फॉर्मात नव्हता.

२०१२ साली मी निवृत्त झालो आणि त्याच वर्षी सप्टेंबरात खाणी बंद पडल्या. पुढे एकदा तो गृहस्थ डिचोलीच्या बाजारात भेटला. मी ओळख चुकवायच्या बेतात होतो, पण त्यानेच हाक मारली. म्हणाला, "साहेब, आधी पावसाची वाट बघायचो, आता कोर्टाच्या तारखेची बघतो." मी विचारलं, परत भात का लावत नाही? "शेतात खाणीचा गाळ बसलाय. आणि बियाणं खुंयचं? मुडी बांधणारी आई गेली." कर्जाचा विषय त्याने काढला नाही. मीही काढला नाही. ते अजून मनाला लागून आहे.

कागदावर ते कर्ज बरोबर होतं. पण ज्या घरात कणगी भरलेली असते, त्या घरात एक वर्ष थांबायची ताकद असते. ही ताकद ताळेबंदात दिसत नाही.

परवा पुतण्याला फोन केला. म्हटलं, हॉटेलला नको. आपल्या जुन्या कुळाचा नातू अजून सरद पीक घेतो, त्याला विचार. त्याला हवी असेल तर लिंपून देऊ. पोचवायला मी स्वतः येईन.

तुमच्या घरी कणगी होती का? तिचं पुढे काय झालं, जरूर लिहा.