‘इतर’ म्हणजे कोण? – एका परवानगीचा इतिहास

छापखान्यातून बाहेर पडलेले पुस्तक दुकानात आले की ते प्रकाशित झाले असे आपण मानतो. महाजालावरील पानाचे तसे नसते. पान लिहून पूर्ण झालेले असते, सर्व्हरवर चढवलेले असते, पत्ताही अचूक असतो. तरी वाचकापुढे येतो तो ‘४०३’ हा आकडा आणि मनाईचा शब्द. लेखन आणि वाचक यांच्यामध्ये येथे परवानगी उभी असते, आणि तिचा इतिहास महाजालाहून बराच जुना आहे.

१९६१ साली एमआयटी या संस्थेत सीटीएसएस ही प्रणाली प्रथम दाखवण्यात आली. एकाच यंत्रावर एकाच वेळी अनेकांना काम करता येऊ लागले, आणि सामायिक यंत्रात ‘माझे’ व ‘दुसऱ्याचे’ हा प्रश्न अटळ झाला. पुढे मल्टिक्स या प्रकल्पातून बेल लॅब्ज १९६९ साली बाहेर पडली आणि त्याच वर्षी तेथील केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला. नोव्हेंबर १९७१च्या तिच्या पहिल्या माहितीपुस्तिकेत परवानगी बदलणारी ‘सीएचमॉड’ ही आज्ञा आढळते. तेव्हा जग दोनच वर्गांत विभागलेले होते : फाइलचा मालक आणि मालक नसलेले. रिची-थॉम्प्सन यांच्या १९७४च्या प्रसिद्ध निबंधातही हीच विभागणी आहे. १९७८च्या सुधारित आवृत्तीत मात्र मालक, त्याचा गट आणि इतर असे तीन वर्ग दिसतात.

या तिघांचे हक्क तीन अंकांत मांडले जातात. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचे १. म्हणून ६४४ याचा अर्थ असा की मालकाने वाचावे व लिहावे, बाकीच्यांनी केवळ वाचावे. डिरेक्टरीच्या बाबतीत ‘चालवणे’ म्हणजे तिच्यातून पुढे जाणे. म्हणून तिला ७५५ देतात. वाटेतली एक डिरेक्टरी जरी ७०० असली, तरी आतले ६४४चे पान इतरांना मिळत नाही.

१९७०च्या दशकात हे ‘इतर’ म्हणजे त्याच यंत्रावर खाते असलेली मंडळी होती. बहुधा त्याच संस्थेतील, ओळखीपाळखीची. १९९३ साली इलिनॉय विद्यापीठातील एनसीएसए या केंद्राचा सर्व्हर प्रचारात आला. विद्यार्थ्याने वा अध्यापकाने आपल्या खात्यात ‘पब्लिक-एचटीएमएल’ नावाची डिरेक्टरी करावी आणि तिच्यातील पाने जगाने वाचावीत, अशी सोय त्यातून रूढ झाली. हा सर्व्हर बहुधा ‘नोबडी’, म्हणजे ‘कोणीही नाही’, या नावाने चालवला जाई. दूरदेशीचा वाचक यंत्राला ठाऊक नसतो; त्याच्या वतीने फाइल मागणारा हा ‘कोणीही नाही’ मालक नव्हे, गटातलाही नव्हे. अर्थात तो ‘इतर’. शेवटचा अंक तोच राहिला, पण त्याचा अर्थ सहकाऱ्यांपासून साऱ्या जगापर्यंत पसरला. प्रकाशनाच्या इतिहासातील हे स्थित्यंतर कोणत्याही घोषणेविना घडले.

लिहिण्याच्या हक्काचे काय? टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली रचलेल्या पहिल्या ब्राउझरमध्ये पान वाचण्याबरोबर संपादनाचीही सोय होती. लोकप्रिय झाला तो १९९३चा मोझेइक. तो केवळ वाचण्यासाठी होता. वाचक आणि लेखक पुन्हा वेगळे झाले. १९९५ साली वॉर्ड कनिंगहॅम यांच्या विकीने वाचकाच्या हाती लेखणी दिली खरी, परंतु ती एका प्रोग्रॅमच्या मध्यस्थीने; प्रत्यक्ष फाइलवर लिहिण्याचा हक्क त्या प्रोग्रॅमकडेच राहिला. ‘४०३’ला कंटाळून ७७७ देणाऱ्यांच्या लक्षात हा भेद येत नसे. वाचनाची अडचण दूर करताना ते लेखणीही सर्वांच्या स्वाधीन करीत, आणि सामायिक सर्व्हरवर त्याच यंत्रातील परक्या खात्याला त्यांचे पान बदलता येई.

आज पुष्कळ ठिकाणी हे अंक एका बटणामागे झाकलेले असतात. तरी त्यांतील भेद साहित्याच्या अभ्यासकाने विसरू नये. ‘सार्वजनिक’ या एका शब्दात आपण दोन गोष्टी एकत्र करतो : सर्वांनी वाचावे असे, आणि सर्वांच्या मालकीचे असे. ६४४ हा आकडा त्यांतील पहिली देतो व दुसरी राखून ठेवतो. संहितेचे जतन आणि तिचा प्रसार दोन्ही साधायचे, तर हा भेद लेखकाने स्वतः करावा लागतो. यंत्र तो आपणहून करीत नाही.